वसईचा ईस्टर: रविवारच्या जेवणाला नव्हे, शनिवारच्या रात्रीला या

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीने त्यांना ईस्टरला वसईला घरी बोलावलंय. सोबत नवरा, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं आणि शाकाहारी सासूबाई. रविवारी पहाटे निघून जेवायला पोचलो तर चालेल ना, चर्चमध्ये आम्हाला आत घेतात का, अंडी शोधायचा खेळ मुलांना मिळेल का, सासूबाईंनी खायचं काय आणि जाताना हातात काय न्यायचं, असं सगळं त्यांनी विचारलंय.

ताई, मी वसईतच जन्मले आणि वसईतच दिली. सत्तावीस वर्षं सणाच्या जेवणाच्या आणि मार्झिपानच्या मिठाईच्या ऑर्डरी घेतेय, आणि जवळपास तितकीच वर्षं ईस्टरला आमच्या ओटीवर बाहेरगावचे पाहुणे असतात. म्हणून आधी स्पष्टच सांगते: रविवारी थेट जेवायला येऊ नका. सप्ताहात एकदाही कीर्तनाला बसायचं नाही आणि शेवटच्या दिवशी नुसता काला खायला जायचं, तसं ते होतं. काला तेव्हाही गोडच लागतो, पण कशाचा ते कळत नाही. रविवारच्या ताटातल्या सरपोतेलला, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणाला, चव येते ती शुक्रवारच्या पेजेमुळे. निदान शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचा. रजा मिळाली तर गुरुवारीच या. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी असतेच.

तारखेचं आधी बघून घ्या, कारण ती दरवर्षी हलते. आपल्या लोकांना हा हिशेब खरं तर सोपा जायला हवा, कारण तो पौर्णिमेचा आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही पडतो. बहुतेक वर्षी हनुमान जयंती झाली की पुढचा रविवार आमचा. २०२६ मध्ये २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ एप्रिलला ईस्टर, असं लागून आलं. २०२७ मध्ये मात्र होळीचीच पौर्णिमा २१ मार्चच्या पुढे जाते, म्हणून ईस्टर २८ मार्चला. २०२८ मध्ये तो १६ एप्रिलला आहे. मुलांच्या परीक्षांशी ताळमेळ तुम्हीच घाला. आमच्याकडेही दर दोन-तीन वर्षांनी पोरं गणिताचं पुस्तक घेऊन अंडी रंगवायला बसतात.

चर्चमध्ये आत घेतात का? घेतात, आणि कोणी जात-धर्म विचारत नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे साधे कपडे घाला. चपला काढाव्या लागत नाहीत. सासूबाईंना ते विचित्र वाटेल, पण तसंच आहे. फक्त कोमुन्योनच्या, म्हणजे धर्मगुरू पवित्र भाकर देतात त्या, रांगेत उभं राहायचं नाही. ते आमच्यासाठी प्रसादासारखं वाटायचं काही नाही, बाप्तिस्मा आणि पहिलं कोमुन्योन झालेल्यांनीच ते घ्यायचं असतं. तेवढा वेळ बाकावर बसून राहा. कुणाला वाईट वाटत नाही, उलट पाहुणे जागेवर बसून राहिले की आम्हालाच सुटल्यासारखं होतं.

आणि भाषेची धास्ती तर अजिबात नको. मुंबईत वांद्र्याला गेलात तर इंग्रजीत ऐकाल, कोकणीत ऐकाल. वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत असते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर, लॅटिन जाऊन लोकांच्या भाषा आल्या आणि आमच्याकडे मराठी आली. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो आमच्या नंदाखालचे. त्यांच्या ‘सुबोध बायबल’मधली मराठी ऐकलीत तर कळेल की इथे परकं काही नाही. घराघरात मात्र बोली वेगळी. सामवेदी कुपारींची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची कोळी. तुमची मैत्रीण फोनवर आईशी बोलायला लागली की तुम्हाला निम्मंच कळेल. त्याची मजा घ्या.

आता दिवसांचं. हा सण त्या रविवारी सुरू होत नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते तिथून प्रायश्चित्तकाळ सुरू होतो आणि मधले रविवार सोडले तर चाळीस दिवस चालतो. ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. जेरुसलेममध्ये येशूचं स्वागत खजुरीच्या फांद्यांनी झालं. आमच्याकडे माडाच्या झावळ्या. कोवळ्या पातींचे क्रूस विणतात आणि ते वर्षभर देव्हाऱ्यापाशी नाहीतर दाराच्या चौकटीवर खोचून ठेवतात. पुढच्या वर्षी हेच वाळलेले क्रूस गोळा करून जाळतात आणि त्याचीच राख पुन्हा बुधवारी कपाळाला लागते. तुम्ही तोवर आलेल्या नसाल, पण मैत्रिणीच्या आईकडून मुलांना क्रूस विणायला शिकवून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत येतो. पाच वर्षांचा पातीची पिपाणी करील, तीही करू द्या.

गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा. येशूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी हे बारा पुरुषच असत. २०१६ पासून बायकांचेही पाय धुवायला पोप फ्रान्सिस यांनी मोकळीक दिली. ज्या वर्षी आमच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या मासेवालीचे पाय फादरांनी धुतले, त्या वर्षी मागच्या बाकावर बसून मी बराच वेळ पदराने डोळे पुसत होते. याच मिस्सेत ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग गप्प होतात. शनिवारच्या रात्रीपर्यंत वसईत चर्चची घंटा वाजत नाही, गरज पडली तर लाकडी फळीचा खडखडाट करतात. वेदीवरचं कापड, फुलं, मेणबत्त्या, सगळं उचलून वेदी उघडी करतात. ते बघताना मुलं आपोआप शांत होतात, दटावावं लागत नाही.

घंटांवरून आठवलं. सासूबाई कधी भीमाशंकरला गेल्या असतील तर तिथली मोठी पोर्तुगीज घंटा त्यांनी पाहिली असेल. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरही तशी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या, त्यांतल्याच या, असं सांगतात. म्हणजे वसईची घंटा तुमच्या घरच्यांनी आमच्याआधी ऐकलेली असू शकते. हे मी दर वर्षी पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना सांगते आणि दर वर्षी जेवणाच्या टेबलावर अर्धा तास इतिहास रंगतो.

शुक्रवारी एक चूक टाळा: कुणालाही ‘हॅप्पी गुड फ्रायडे’ म्हणू नका. त्या दिवशी येशूला क्रुसावर खिळलं. मृत्यूच्या घरी आपण शुभेच्छा देत नाही, तसंच. दुपारी तीनच्या सुमाराला भक्ती असते, कारण येशूने प्राण सोडला ती वेळ तीनची मानतात. त्या दिवशी जगात कुठेही मिस्सा होत नाही. दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात आणि क्रुसाला वंदन करतात. त्याआधी क्रुसाची वाट असते, चौदा टप्प्यांची. अनेक ठिकाणी ती रस्त्यावरून किंवा मैदानात निघते आणि काही धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, तरुण मंडळी ते सगळं नाट्यरूपात करतात. नाटक हल्ली चांगलंच खरंखुरं करतात, रंगाचं रक्त वगैरे. नऊ वर्षांच्याला दाखवा, पाच वर्षांच्याला घरी ठेवा. माझ्या भाचीला पाचव्या वर्षी नेलं होतं, तर ती पुढचे दोन महिने रोमन सैनिक झालेल्या आमच्या रिक्षावाल्याच्या रिक्षात बसायला तयार नव्हती.

शुक्रवारचा उपवास तुमच्या ओळखीचा नाही. साबुदाणा नाही, वरीचे तांदूळ नाहीत, धान्याला बंदी नाही. अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी एक वेळचं पोटभर आणि बाकी अगदी थोडं खायचं, आणि चौदा वर्षांच्या पुढच्या सगळ्यांनी मांस सोडायचं. मासे चालतात! उपवासाला मासे हे ऐकून एका कोल्हापूरच्या पाहुण्यांनी मला दोनदा विचारलं होतं. पण आमच्या घरी त्या दिवशी भाताची पेज, कैरीचं लोणचं, भाजलेला पापड, एवढंच. दुपारी बेकरीतून क्रुसाची खूण असलेले गोड बन येतात. शाकाहारी सासूबाईंचं खाण्याचं सगळ्यात सोपं जाईल ते याच दिवशी. वसई-विरारमध्ये मल्याळी ख्रिस्ती कुटुंबंही पुष्कळ आहेत. शेजारी एखादं असेल तर गुरुवारी रात्री त्यांच्याकडे पेसहा अप्पम असतो, खमीर न घातलेला, घरातल्या मोठ्याने तोडून वाटायचा आणि गूळ-नारळाच्या दुधाबरोबर खायचा. बोलावलं तर नक्की जा.

आणि आता शनिवारची रात्र, ज्यासाठी मी एवढं सांगतेय. पास्का जागरण, म्हणजे येशू कबरीतून उठला त्या ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना. वेळ प्रत्येक चर्चची वेगळी असते, मैत्रिणीला फलक वाचून ठेवायला सांगा. दुपारी मुलांना झोपवा, जबरदस्तीने झोपवा. रात्री चर्चच्या बाहेर अंगणात, सगळे दिवे मालवलेले, आणि मधोमध नवा अग्नी पेटवतात. होळीची सवय असलेल्या आपल्या माणसांना ते लगेच भावतं. त्या अग्नीवरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात आणि धुपाचे पाच दाणे खोचतात, पाच जखमांचे. ती मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये शिरते आणि तिच्यावरून एक, मग दोन, मग ओळीत सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या पेटत जातात. कुणी अनोळखी माणूस वळून तुमची मेणबत्ती लावून देतो, तुम्ही मागच्याची लावता. मी हे आयुष्यभर पाहतेय आणि अजून त्या क्षणी बोलता येत नाही.

पण डोकं ठिकाणावर ठेवा. मुलांच्या मेणबत्तीला खाली कागदाचा पेला असतो, तो काढू देऊ नका, मेण बोटावर ओघळतं. ओढण्या, पदर आणि मोकळे केस आवरून घ्या. पुढच्या बाकावरच्या बाईच्या गजऱ्याला मेणबत्ती लागलेली मी स्वतः पाहिली आहे.

त्यानंतर वाचनं. बायबलच्या जुन्या करारातली सातपर्यंत असू शकतात आणि नव्यातली दोन. जगाच्या निर्मितीपासून सुरुवात. तांबडा समुद्र दुभंगून मोशेने लोकांना पलीकडे नेलं, हे वाचन तर कधीच गाळत नाहीत. इथे धाकटा झोपेल. झोपू द्या, पण ग्लोरियाच्या आधी उठवा. तेव्हा सगळे दिवे एकदम लागतात, ऑर्गन सुरू होतो आणि दोन दिवस मुकी असलेली घंटा वाजायला लागते. नंदाखाल, पापडी, गास, निर्मळ, रमेदी... वारा बरा असेल तर पलीकडच्या गावची पण ऐकू येते. पूर्वी, माझ्या आजीच्या काळात, हा विधी शनिवारी सकाळीच उरकायचे. उजेडात मेणबत्त्या लावायच्या! १९५० च्या दशकात रोमने तो परत रात्रीत आणला, ते बरं केलं.

नंतर पाणी आशीर्वादित करतात आणि लोकांवर शिंपडतात. तुमच्याही अंगावर चार थेंब पडतील. घरोघरची माणसं बाटलीतून ते पाणी नेतात आणि घरात, वाडीत, गोठा असेल तर गोठ्यात शिंपडतात. बाहेर आल्यावर सगळे एकमेकांना भेटतात. तेव्हा ‘हॅप्पी ईस्टर’ म्हणा, ‘पास्काच्या शुभेच्छा’ म्हणा, काहीही म्हणा.

आता स्वयंपाकघर. इथे मला आवरणं कठीण आहे.

ईस्टरचं मुख्य म्हणजे सरपोतेल. डुकराचं मांस, काळीज, हृदय, थोडी चरबी. आधी मिठाच्या पाण्यात पाऊण शिजवायचं, पूर्ण गार करायचं आणि मग बारीक चिरायचं, हरभऱ्याएवढं. गरम मांस चिरायला गेलात तर त्याचा भुगा होतो. नव्या सुना इथेच चुकतात. चिरलेलं त्याच्याच चरबीत परतायचं. मसाला म्हणजे सुक्या लाल मिरच्या, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, हळद, आलं-लसूण, सगळं पाण्यात नव्हे तर व्हिनेगरमध्ये वाटलेलं. पाण्याचा थेंब गेला की टिकाऊपणा गेला. कांदा परतून त्यात वाटण, त्यात मांस, आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत. केल्या दिवशी ते आंबट आणि उग्र लागतं. दिवसातून एकदा उकळी देत तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं की व्हिनेगर आणि चरबी एकमेकांत मुरतात. हल्लीच्या उकाड्यात मी उकळी देऊन गार झालं की फ्रिजमध्येच टाकते, जुन्या बायका हसल्या तरी.

पण बघा, रविवारी मुरलेलं हवं तर ते गुरुवारीच शिजवावं लागतं. म्हणजे शुक्रवारी पेज खाताना घरात सरपोतेलचं पातेलं असतं, त्याला उकळीही द्यायची असते आणि चव बघायची नसते. म्हणून मिठाचा निकाल गुरुवारीच लावतात. आमच्या आईने एका वर्षी गुरुवारी मीठ घालायचं विसरून शुक्रवारी अंदाजाने घातलं, चाखलं मात्र नाही. रविवारी ते खारट झालं होतं. वडील मुकाट जेवले आणि म्हणाले, तुझा उपवास पक्का. अजूनही घरात काही खारट झालं की हेच वाक्य येतं.

सरपोतेलबरोबर फुगे. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन या ख्रिस्ती समाजाच्या घरांत त्यांना फुगियास म्हणतात. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, एका नारळाचं घट्ट दूध, थोडी साखर, मीठ आणि खमिरासाठी ताडी. ताडी नसेल तर यीस्ट. पीठ सैल हवं, भज्याच्या पिठाहून थोडं घट्ट, हाताला चिकटणारं. फुगून दुप्पट झालं की हात ओला करून मूठभर पीठ घ्यायचं आणि अंगठा-तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर दाबून तेलात सोडायचा. जमलं तर तो तेलात पडल्यावर आपणच कूस बदलतो. तेल मध्यम, जास्त तापलं तर बाहेरून तांबूस आणि आत कच्चं. मोठ्याला शेजारी उभं करून गोळे सोडायचं तंत्र दाखवा, पण तेलापाशी हात नको. तो पीठ फेटू दे.

बाटलीचा मसाला हा शब्द तुमच्या कानावर पडेल. वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजून, कुटून, बीअरच्या काळ्या-तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात, कारण उजेड लागला की रंग उडतो. उन्हाळ्यातच तो करतात, त्यामुळे ईस्टरच्या आसपास अंगणात मिरच्या वाळताना दिसतील. कृती मागू नका. बायका हसून विषय बदलतील. मीही बदलते.

डुक्कर चालत नसेल तर लाजू नका, आधी कळवा. कोंबडीचं इंदियल, मटणाची खुडी, बटाट्याचे चॉप्स असं पुष्कळ असतं. सासूबाईंसाठी मात्र आधी फोन करायलाच हवा, कारण गोंधळ जिथे वाटत नाही तिथे असतो. फुग्यात अंडं, केकमध्ये अंडं, मार्झिपानमध्ये अंड्याचा पांढरा भाग. नुसतं ‘भाजी-पोळी चालेल’ म्हणून चालत नाही, तळणीचं तेलही वेगळं लागतं. केळीच्या पानातली पानगी, केळफुलाची भाजी, वाल, नारळाच्या रसातला भात हे वसईत सहज होतं आणि चांगलं होतं. अंडं न घालता, दुधावर आटवलेलं मार्झिपान मी दर वर्षी वेगळं करते. फरक पाच दिवसांनी कळतो, ते लवकर सुकतं. तेवढं टिकतंय कुठे!

मार्झिपान म्हणजे मुलांचा खरा खेळ. युरोपात ते बदामाचं, आपल्याकडे काजूचं. अर्धा किलो काजूची पूड, तेवढीच पिठीसाखर, दोन-तीन अंड्यांचा पांढरा भाग, गुलाबपाणी. मंद आचेवर कढईपासून सुटेपर्यंत ढवळायचं. काजू मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचे, नाहीतर तेल सुटतं आणि गोळा तेलकट होतो. कोमट असतानाच साच्यात दाबायचं, दोन अर्धी अंडी चिकटवायची आणि वर आयसिंगने नाव लिहायचं. ईस्टरच्या अंड्यावर आपलं नाव असणं ही इथल्या प्रत्येक मुलाची हक्काची गोष्ट आहे. मैत्रिणीला तुमच्या मुलांची नावं आधी कळवा. आणि आयसिंगचं काम सकाळीच करायला सांगा. एका वर्षी मी दुपारी बसले, समुद्रावरचा दमट वारा आला आणि साठ अंड्यांवरची नावं संध्याकाळपर्यंत ओघळली. त्या वर्षी प्रत्येक गिऱ्हाईकाला मी अर्धे पैसे परत केले.

अंडंच का? जुन्या काळी प्रायश्चित्तकाळात मांसाबरोबर अंडीही सोडायचे. कोंबड्यांना ते कोण सांगणार? अंडी साठत गेली आणि सणाला ती उकडून, रंगवून वाटली जाऊ लागली. मग कवच फोडून बाहेर येणारं पिल्लू म्हणजे रिकाम्या कबरीतून उठलेला ख्रिस्त, असा अर्थ त्याला चिकटला. ससा मात्र जर्मनांकडचा, आमच्या आजीला तो माहीत नव्हता. आता दुकानांमुळे आलाय, पोरांना आवडतो, मी भांडत नाही.

अंडी शोधायचा खेळ तुमच्या मुलांना मिळेल. काही ठिकाणी चर्चची तरुण मंडळी तो ठेवतात, नाहीतर घरच्या वाडीत करा. चॉकलेटची अंडी लपवू नका. अर्ध्या तासात वितळतात आणि उरली तर लाल मुंग्या नेतात. कोंबडीची अंडी रंगवा: कांद्याच्या सालीत उकडली की तांबूस, हळदीत पिवळी, बिटात गुलाबी होतात, पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की रंग धरतो. उकडलेली अंडी दोन तासांत शोधून संपवायची, उन्हात राहिलेलं कुणी खायचं नाही. म्हणून किती लपवली ते मोजून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वसईच्या वाड्यांत विहिरी आहेत आणि बावखलं आहेत. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. कडेला गवत असतं, वर हिरवी साय, शहरातल्या मुलाला ती जमीनच वाटते. खेळाआधी वाडी एकदा फिरून घ्या, पाण्याच्या बाजूला एक मोठा माणूस उभा करा.

रविवारी जेवण झाल्यावर सगळे आडवे होतात. तुम्हीही व्हा. चारनंतर ऊन उतरलं की किल्ल्यावर जा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ पर्यंत राहिली. त्या दोनशे वर्षांची चर्चं आत छप्पर नसलेली उभी आहेत. त्यातलं एक दुरुस्त करून वापरात आहे, संत गोन्सालो गार्सियांचं. ते वसईचेच, १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत ते. चिमाजी अप्पांचा पुतळाही तिथे जवळच आहे. मोठ्याला शाळेच्या पुस्तकातला इतिहास तिथे पायाखाली सापडेल. मग समुद्र: भुईगाव, राजोडी, कळंब, जवळ पडेल तो. गर्दी असेल, मुलं गुडघ्यापलीकडे पाण्यात नकोत.

येण्याजाण्याचं थोडक्यात. पुण्याहून दादर, तिथून विरार लोकल, वसई रोडला उतरून पश्चिमेला बस किंवा रिक्षा. गुरुवारी संध्याकाळी मुलांना घेऊन विरार लोकलच्या वाट्याला जाऊ नका, दुपारच्या आत पोचा.

हातात काय न्यायचं? केळी सोडून काहीही. वसईत केळी नेणं म्हणजे कोकणात नारळ नेणं. बाकरवडी न्या, चितळ्यांचीच हवी असं नाही पण तीच लोक ओळखतात. चांगली जाड मेणबत्ती नेलीत तर मैत्रिणीची आई दहा जणींना सांगेल. परत येताना तुम्हाला सुकेळी देतील, राजेळी केळी वाळवून केलेली, मधासारखी. ती सासूबाईंच्या ताब्यात द्या. आणि निघताना कुणीतरी नक्की एक डबा पुढे करील, वरून दोरी बांधलेला. तुमच्या घरात चालत असेल तर घ्या, नको म्हणू नका. सरपोतेल असेल ते. रात्री घरी पोचल्यावर उकळी देऊन, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि मंगळवारी उघडा. रविवारी आमच्याकडे खाल्लंत त्यापेक्षा ते चांगलं लागेल.